भगर का बाधते?

“चांगली शिजवली होती, तरी भगर बाधली कशी?” विषबाधेची बातमी आली की येलदरीपासून परभणीपर्यंत कुठल्याही पारावर हा प्रश्न ऐकू येतो. त्याच्या मागोमाग दुसरा येतो : “लहानपणापासून खातोय, आजवर काही झालं नाही. मग याच एकादशीला काय झालं?”

दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि उत्तराचा धागा एकच आहे. पण तो पातेल्यापासून नव्हे, पोत्यापासून पकडावा लागतो.

१. दोन एकादश्या

६ फेब्रुवारी २०२४. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडी गावी धार्मिक कार्यक्रम होता. आजूबाजूच्या गावांतूनही लोक आले होते. संध्याकाळी भगर-आमटीचा महाप्रसाद झाला आणि रात्रीतून उलट्या-जुलाब सुरू झाले. बाधितांचा आकडा २,००० च्या घरात गेला.

बरोबर चौदा दिवसांनी, २० फेब्रुवारीला, पुढची एकादशी आली. या वेळी गाव होतं बुलडाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातलं सोमठाणा. तिथं हरिनाम सप्ताह होता आणि प्रसाद पुन्हा भगर-आमटीचाच. ४०० ते ५०० जण आजारी पडले. बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात जागा पुरेना, तेव्हा झाडांना दोऱ्या बांधून त्यांना सलाईनच्या बाटल्या लटकवल्या आणि खाली जमिनीवर रुग्ण झोपवले. ते फोटो देशभर गेले. मुंबई उच्च न्यायालयाने त्या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली.

परभणी, हिंगोली, नांदेड, बीड, जालना या पट्ट्यात नवरात्र, महाशिवरात्र, आषाढी जवळ आली की भगरीच्या विषबाधेची बातमी अधूनमधून येतेच. बातमी आली की दोन दिवस भगर बदनाम होते, तिसऱ्या दिवशी लोक विसरतात.

२. पावशेर भगरीचा प्रवास

येलदरी हे पूर्णा नदीवरच्या मोठ्या धरणाचं गाव, जिंतूर तालुक्यातलं. इकडच्या शेतात ज्वारी, कापूस, सोयाबीन, तूर दिसेल. भगर दिसणार नाही. भगर म्हणजे वरईचे तांदूळ. वरई पिकते सह्याद्रीच्या उतारांवर, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, सुरगाणा, पेठ, अकोले या बाजूला. काढणी झालेली वरई नाशिकच्या भगर मिलमध्ये जाते. परराज्यांतला मालही तिथं येतो. मिलमध्ये टरफल निघतं, दाणा पांढरा होतो, पोती भरतात. पुढे घाऊक व्यापारी, तालुक्याचं किराणा दुकान आणि शेवटी गावातलं दुकान.

येलदरीच्या दुकानात एखादी बाई पावशेर सुटी भगर घेते, तेव्हा तो दाणा कोणत्या हंगामात कापला, किती महिने कुठल्या गोदामात पडून होता, हे सांगणारं तिच्यासमोर कोणी नसतं. ज्वारीचं तसं नाही. आपल्या कणगीतली ज्वारी कोणत्या सालची, कोणत्या वावरातली, हे घरातल्या पोरालाही ठाऊक असतं. मला तर भगरीच्या दुखण्याचं मूळ इथेच दिसतं : रोज न लागणारं, दुरून येणारं, सणाला एकदम मागणी वाढणारं धान्य. मागणी वाढली की मागे पडलेला मालही खपतो.

शिवाय टरफल गेलेला दाणा उघडा असतो. ओल त्याला लवकर धरते. आणि त्याचं पीठ केलं की विचारूच नका; एका दाण्याचे शेकडो कण होतात आणि प्रत्येक कणाला हवा लागते.

३. विष कोणाचं?

अन्नातल्या नैसर्गिक विषांचे ढोबळ दोन प्रकार करता येतात.

पहिलं विष वनस्पतीचं स्वतःचं. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे शिकवायला नको. ज्वारीचे कोवळे पोंगे किंवा पावसाने ताण दिल्यावर खुरटलेली ज्वारी जनावराने भरपूर खाल्ली, तर ते तडफडून पडतं. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचं द्रव्य असतं, चघळल्यावर त्यातून सायनाइड सुटतं. ज्वारीने हे शस्त्र स्वसंरक्षणासाठी बाळगलेलं असतं. पीक मोठं झालं की त्याची मात्रा उतरते आणि कडबा निर्धास्त खाऊ घालता येतो.

दुसरं विष पाहुण्याचं. धान्य निर्दोष असतं, पण त्यावर वाढलेली बुरशी विष तयार करते. भगर या दुसऱ्या वर्गात बसते. नवरात्राच्या तोंडावर अन्न व औषध प्रशासन ज्या सूचना काढतं, त्यांत हेच सांगितलेलं असतं : भगरीवर ॲस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि ती फ्युमिगाक्लेविनसारखी विषद्रव्यं तयार करते.

ॲस्परजिलस हे एका बुरशीचं नाव नाही, ते मोठं खटलं आहे. त्यातल्या एका जातीने १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मारले. त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड होती आणि पेंडीला बुरशी लागलेली होती. त्या तपासातून अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला कळलं. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात बुरशीचा मका खाऊन माणसांना कावीळ झाली. ३९७ जण आजारी पडले आणि १०६ दगावले. आमटीत कूट घालताना हे लक्षात असू द्या. भगर-आमटीच्या पंगतीत संशय फक्त भगरीवर घेतला जातो, पण शेंगदाणा हेही या बुरशीचं आवडतं ठिकाण आहे.

४. मिरची आणि मिरचीचं रोप

आता “चांगली शिजवली होती, तरी?” याचं उत्तर.

बुरशी सजीव आहे. पाणी उकळलं की ती मरते. पण तिने दाण्यात सोडलेलं विष हा निर्जीव रसायनाचा रेणू आहे. भाजीत मिरची पडल्यावर परसातलं मिरचीचं रोप उपटून जाळलं, तर भाजीचं तिखट कमी होत नाही. तसंच हे.

आकडे पाहू. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. प्रेशर कुकरमध्ये उष्णता १२० अंशांच्या आसपास जाते. अफ्लाटॉक्सिन मोडायला २०० अंशांच्या बरंच वर जावं लागतं. तेवढ्या उष्णतेत भगरीचा कोळसा होईल. म्हणजे चुलीवर ही लढाई जिंकता येत नाही.

मात्राही किती सूक्ष्म! आपल्याकडे धान्यात अफ्लाटॉक्सिनची कायदेशीर मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आहे. हिशेब करा : एक ग्रॅम म्हणजे दहा लाख मायक्रोग्रॅम. दहा लाखाला १५ ने भागलं की ६६,६६७ येतात. एक ग्रॅम विष ६६ टनांहून जास्त धान्यात विखुरलं, तर ते मर्यादेला टेकतं. डोळ्याला हे दिसणार नाही, जिभेला कळणार नाही. आणि ते सारखं पसरलेलंही नसतं. पोत्याच्या एका कोपऱ्यात ओल लागली तर विष त्या कोपऱ्यातच जास्त असतं. म्हणून एकाच दुकानातली भगर शेजारणीला पचते आणि तुम्हाला बाधते.

मग “आजवर काही झालं नाही” याचाही उलगडा होतो. आजवर तुम्ही खाल्लेली भगर आणि या एकादशीची भगर, नाव एक असलं तरी माल एक नव्हता.

त्यात अंगाच्या वजनाचा मुद्दा धरा. साठ किलोचा बाप आणि बारा किलोचं पोर, दोघांनी सारखीच वाटी संपवली, तर पोराच्या अंगावर किलोमागे पाचपट विष पडतं. पंगतीत मुलं आधी आणि जास्त आजारी का दिसतात, याचं एक कारण हे.

५. बाजरीने आधीच सांगितलं होतं

फ्युमिगाक्लेविन हे नाव अवघड आहे, पण त्यातला ‘क्लेविन’ हा भाग महाराष्ट्राला नवा नाही.

बाजरीच्या कणसावर ओल्या हवेत मधासारखा चिकट द्रव दिसतो आणि नंतर दाण्याच्या जागी काळपट, लांबट गाठी येतात. हा अरगट रोग. १९५६-५७ मध्ये तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी अरगटलेली बाजरी खाऊन लोक आजारी पडले. लक्षणं होती मळमळ, उलट्या, चक्कर आणि गुंगी.

युरोपात अरगट राय नावाच्या धान्यावर पडे आणि तिथं माणसांची बोटं काळी पडून झडत. सेंट अँथनीची आग म्हणून तो आजार मध्ययुगात कुप्रसिद्ध होता. आपल्याकडे बोटं झडली नाहीत, कारण बाजरीच्या अरगटातली विषं वेगळ्या गटातली होती : क्लेविन गटातली. रायच्या अरगटातली द्रव्यं रक्तवाहिन्या आवळून टाकतात. क्लेविन गटाचा परिणाम उलटी आणि चक्कर असा येतो.

भगरीवरच्या बुरशीचं फ्युमिगाक्लेविन याच कुळातलं. भगर खाऊन आलेले रुग्ण चक्कर येते, अंग थरथरतं, मळमळतं असं सांगतात, तेव्हा ही सोयरीक आठवते. मात्र सोयरीक म्हणजे पुरावा नव्हे. दर वेळी गुन्हेगार हाच असेल, असं मुळीच नाही.

वरईचं भावंड कोदो, ज्याला कोकणात हरीक म्हणतात, त्याची गोष्ट अगदी ताजी आहे. ऑक्टोबर २०२४ अखेरीस मध्य प्रदेशातल्या बांधवगड व्याघ्र प्रकल्पात दहा हत्ती मेले. त्यांनी कोदोच्या शेतात शिरून उभं पीक खाल्लं होतं. तपासणीत सायक्लोपियाझोनिक ॲसिड हे बुरशीचं विष सापडलं. इथं गोदामही नव्हतं आणि पोतंही नव्हतं. बुरशी शेतात उभ्या पिकावरच बसलेली होती. काढणीच्या दिवसांत पाऊस लांबला की धोका तिथूनच सुरू होतो. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावर, कर्नाटक-आंध्रच्या काही गावांत, पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले, तेव्हाही मूळ भिजलेल्या कणसातच होतं. फक्त बुरशी दुसरी, फ्युजेरियम.

६. पोत्यातलं पावणेदोन लिटर पाणी

बुरशीला वाढायला काय लागतं? ऊब, हवा आणि ओल. पहिल्या दोन गोष्टी मराठवाड्यात बारा महिने फुकट मिळतात. हातात राहते ती ओल.

धान्य कोरडं वाटलं तरी त्यात पाणी असतंच. साधारण १२ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर धान्य टिकतं. १५ टक्क्यांच्या वर गेलं की बुरशीला वाट मोकळी होते. हा फरक किती पाण्याचा?

५० किलोचं पोतं घ्या. १२ टक्के म्हणजे ६ किलो पाणी आणि ४४ किलो कोरडा भाग. कोरडा भाग बदलत नाही. तोच ४४ किलो भाग एकूण वजनाच्या ८५ टक्के व्हायचा असेल, तर पोत्याचं वजन पावणेबावन्न किलो व्हायला हवं. म्हणजे पोत्यात जेमतेम पावणेदोन लिटर पाणी जास्त शिरलं की काम झालं. श्रावण-भाद्रपदात भिंतीला टेकवून, फरशीवर नुसतं ठेवलेलं बारदान हे पाणी हवेतून आणि फरशीतून मुकाट्याने ओढून घेतं. वरून शिंपडायची गरज नाही.

आषाढी, श्रावणी सोमवार, नवरात्र हे उपवास नेमके या दमट दिवसांत किंवा त्यांच्या शेपटाला येतात. पण कोष्टवाडी आणि सोमठाणा फेब्रुवारीत घडलं. तेव्हा हवा कोरडी असते. मग? एक शक्यता अशी की माल पावसाळ्यातच बिघडलेला होता. एकदा तयार झालेलं विष हवा कोरडी झाल्याने जात नाही. दुसरी शक्यता पातेल्यात आहे. तिकडे जाण्याआधी थोडं समुद्राकडे वळतो.

७. शेवाळाची साक्ष

समुद्रापासून इतक्या लांबच्या येलदरीत शेवाळाचं काय काम, असं वाटेल. पण हा पाहुण्याच्या विषाचा प्रकार किती जुना आणि किती सर्वदूर आहे, हे तिथं फार स्पष्ट दिसतं.

प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर लोक लाल समुद्री शेवाळ पिढ्यान् पिढ्या खात आले. एप्रिल १९९१ मध्ये तेच नेहमीचं शेवाळ खाऊन १३ जण आजारी पडले आणि तिघांचा मृत्यू झाला. नंतर त्या शेवाळातून पॉलिकॅव्हर्नोसाइड नावाचं विष वेगळं काढण्यात आलं. हे विष शेवाळाचं स्वतःचं, की त्यावर राहणाऱ्या सूक्ष्म जिवांचं, यावर संशोधकांचा संशय पाहुण्यांकडेच जास्त झुकला. ओळखीचा पदार्थ, ओळखीचा किनारा आणि एके दिवशी अचानक घात. येलदरीच्या पारावरचा प्रश्न ग्वामच्या लोकांनाही पडला असणार. (घाबरू नका : आपण फालुद्यात घालतो ते चायना ग्रासही लाल शेवाळापासूनच निघतं, पण ते शुद्ध करून, वाळवून येतं.)

आणखी जवळ यायचं तर लोणारला या. तिथल्या खाऱ्या सरोवराचं पाणी हिरवं दिसतं ते मुख्यतः स्पिरुलिना जातीच्या नीलहरित जिवांमुळे. हेच स्पिरुलिना टाक्यांत वाढवून, वाळवून ‘शक्तिवर्धक’ म्हणून गोळ्या-पावडरीच्या रूपात विकतात. स्पिरुलिना स्वतः निरुपद्रवी आहे. पण उघड्या टाकीत त्याच्या सोबतीला मायक्रोसिस्टिस नावाचा भाऊबंद शिरला, तर तो यकृताला मारक असं मायक्रोसिस्टिन तयार करतो. हे विषही उकळून जात नाही. धरणाच्या किंवा तळ्याच्या काठाला उन्हाळ्यात हिरव्या रंगासारखी दाट साय जमते, ती बहुधा याच जातभाईंची असते. अशा ठिकाणी गुरं पाण्यावर नेऊ नयेत आणि ते पाणी ‘उकळून पितो’ या भरवशावर राहू नये.

८. पातेल्यातलं दुसरं विष

आता फेब्रुवारीचं कोडं. भगर पूर्ण चांगली असली तरी पंगत आजारी पडू शकते.

बॅसिलस सेरियस हा मातीतला जंतू तांदूळ, वरई अशा धान्यांवर बीजाणूंच्या रूपात असतोच. बीजाणू म्हणजे कडेकोट कवचात झोपलेला जंतू. भगर शिजली तरी तो मरत नाही. भगर कोमट झाली की जागा होतो आणि वाढू लागतो. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा त्याच्यासारख्या जंतूंचा सुगीचा टापू.

समजा, अनुकूल उबेत तो अर्ध्या तासाला दुप्पट होतो. रात्री दहाला शिजवलेली भगर सकाळी दहाला वाढली, तर मध्ये २४ अर्धे तास गेले. २४ वेळा दुप्पट करा : एकाचे १ कोटी ६७ लाख ७७ हजार होतात. प्रत्यक्षात वाढ पुढे मंदावते, हा झाला कागदावरचा हिशेब. पण त्यातून चाल कळते. घरची वाटीभर भगर तासाभरात निवते. शंभर माणसांचं झाकलेलं पातेलं मात्र मधोमध सकाळपर्यंत कोमट राहतं. म्हणून हा त्रास स्वयंपाकघरापेक्षा मांडवात जास्त.

या जंतूचं उलटी आणणारं विष, सेरेयुलाइड, १२६ अंशांवर दीड तास ठेवलं तरी टिकतं. सकाळी पातेलं पुन्हा चुलीवर चढवून ‘गरम करून वाढलं’ याला काही अर्थ उरत नाही. असाच दुसरा गडी स्टॅफिलोकॉकस. तो वाढणाऱ्याच्या किंवा आचाऱ्याच्या हातावरच्या जखमेतून, नाकातून अन्नात उतरतो आणि त्याचंही विष उकळीला दाद देत नाही. दोघांचीही लक्षणं साधारण एक ते सहा तासांत दिसतात.

बिघडलेली कच्ची भगर की शिळी झालेली शिजलेली भगर, हे वरवर ओळखायचं तर एक खूण बघावी. चक्कर, थरथर, गुंगी पुढे असेल आणि ताजी शिजवलेली भगर घरोघरी वेगवेगळ्या चुलींवर होऊनही एकाच दुकानाच्या गिऱ्हाइकांना त्रास झाला असेल, तर बोट मालाकडे जातं. एकाच पातेल्यातलं खाल्लेल्यांना उलट्या-जुलाब झाले आणि तीच भगर घरी करून खाणारे ठणठणीत असतील, तर बोट मांडवाकडे. पंगतीचं पाणी, आमटी हेही आरोपी आहेतच. नक्की निकाल प्रयोगशाळाच देते.

९. आता काय करायचं

सुट्या भगरीपेक्षा पॅकबंद घ्या. पाकिटावर उत्पादकाचं नाव, बॅच क्रमांक, पॅकिंगची तारीख असते. सुट्या भगरीला बाप नसतो. लागेल तेवढीच आणा. गेल्या नवरात्रातली उरलेली या नवरात्रात काढू नका. भगरीचं पीठ विकत आणू नका. घरी दळलं तर त्याच दोन-तीन दिवसांत संपवा. घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा. खराब वासाची, गुठळ्या झालेली, रंग बदललेली भगर गुरांना किंवा कोंबड्यांनाही घालू नका. टर्की पक्ष्यांची गोष्ट वर आलीच आहे. निवडून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्या. धुण्याने वरची भुकटी आणि काही विष जातं, सगळं जात नाही.

सप्ताहाच्या मंडळींना माझं सांगणं एवढंच : भगर पंगतीच्या वेळेला हिशेबाने, लहान पातेल्यांत, दोन-तीन हप्त्यांत शिजवा. रात्री करून ठेवायची असेल तर त्यापेक्षा केळी आणि राजगिऱ्याचे लाडू वाटा. उपवास मोडत नाही.

त्रास झालाच तर उलटी मुद्दाम काढायला लावू नका. शुद्धीत असलेल्याला ओआरएसचं पाणी घोट-घोट द्या. ते नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. गुंगी, झटके, लघवी बंद होणं, उलटीतून रक्त यांतलं काहीही दिसलं, किंवा रुग्ण लहान मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस असेल, तर वाट न बघता १०८ ला फोन करा.

आणि घाईघाईत भांडी घासू नका, भगर उकिरड्यावर फेकू नका. शिजलेल्या भगरीची आणि आमटीची एकेक वाटी झाकून थंड जागी ठेवा. पोत्यातली पावशेर कच्ची भगर, शेंगदाणे आणि पाकीट किंवा दुकानाची पावती बाजूला काढा. अन्न व औषध प्रशासनाचा माणूस येईल तेव्हा ते त्याच्या हाती द्या. नमुना नसेल तर प्रयोगशाळा काहीच सांगू शकत नाही.